बिनकवायतीची खोली

मी एका बाईच्या हातातली सुई काढून घेतली. टोचलेलं तुम्हाला कळत नाही, जखम होईल, म्हणून घेतो असं तिला सांगितलं. ते खोटं होतं. सगळंच खोटं नव्हतं, म्हणून ते इतकी वर्षं टिकलं. तिच्या बोटांना टोचलेलं कळत नव्हतं हे खरं. पण मी सुई घेतली ती तिची बोटं वाचावीत म्हणून नव्हे. ती बोटं माझ्या डोळ्यांदेखत चांगली राहत होती आणि ती चांगली राहणं मला नको होतं.

हे एवढं लिहायला मला फार वेळ लागला. आता लिहिलंच आहे तर पुढचंही लिहितो.

यवतमाळच्या एका शाळेत मी कवायत शिकवत असे. जागा कायमची नव्हती. आमचा मुलूख मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला त्याच सुमाराला शाळेनं दुसरा माणूस घेतला आणि मी घरी बसलो. शहराबाहेरच्या महारोग्यांच्या दवाखान्यात कवायत शिकवणारा माणूस हवा आहे, असं कुणीतरी सांगितलं तेव्हा मला हसू आलं. ज्यांना धड चालता येत नाही त्यांना कवायत कसली शिकवायची? पण घरी चूल होती, म्हणून गेलो.

महारोग हाच शब्द तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होता. मी तिथं रुजू झाल्यावर माझ्या सासऱ्यांनी आमच्या घरचं पाणी पिणं सोडलं. मी संध्याकाळी परतलो की बायकोनं अंगणातल्या न्हाणीत माझ्यासाठी गरम पाणी काढून ठेवलेलं असे. आंघोळ केल्याशिवाय मी उंबरा ओलांडू नये, हे तिनं कधी तोंडानं म्हटलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

दवाखान्याचे मोठे डॉक्टर पुण्याकडचे होते. त्यांनी मला काही महिने दक्षिणेतल्या एका दवाखान्यात शिकायला पाठवलं. या आजारात कोपराजवळची नस सुजते, मग करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं आणि हळूहळू आत वळू लागतं. सुरुवातीला ते दुसऱ्या हातानं सरळ करता येतं. पुढं सांधा धरला की कुणाच्यानंही होत नाही. मी शिकून आलो ते हे बोट वेळेत सरळ कसं ठेवायचं ते. तेल लावायचं, तळहात मांडीवर ठेवायचा, दुसऱ्या हातानं बोटं मुळापासून टोकाकडं दाबत न्यायची. मग मुळाचे सांधे वाकवून धरायचे आणि बोटं आपल्याच जोरानं ताठ करायची. रोज सकाळ-संध्याकाळ. दिसायला इतकं साधं की पेशंट हसायचे. पण मला ते पटलं होतं, आणि खरं सांगायचं तर शाळेतून निघाल्यापासून पहिल्यांदाच मला आपण कुणीतरी आहोत असं वाटू लागलं होतं.

डॉक्टरांना मात्र पटणं पुरेसं नव्हतं. जुने डॉक्टर म्हणत, दुखऱ्या नसेला राबवू नये, हात पडून राहू द्यावेत. नवे म्हणत, राबवा. डॉक्टर मला म्हणाले, आपल्याला वाटतं म्हणून ते खरं होत नाही, तपासून बघू. त्यांनी ज्यांची बोटं नुकती वळू लागली होती असे पेशंट निवडले आणि त्यांच्या दोन तुकड्या केल्या. गोळ्या, जेवण, तेल सगळं दोन्हींकडं सारखं. एका तुकडीला कवायत, दुसरीला नाही. वर्षानं कुणाचे हात कसे आहेत ते बघायचं, आणि कवायत चांगली ठरली तर ती सगळ्यांना द्यायची. कोण कुठं जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं, म्हणजे आवडनिवड नको. यात अन्याय नव्हता. काय चांगलं ते तेव्हा खरोखरच कुणाला ठाऊक नव्हतं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढं जे झालं त्याचा डाग डॉक्टरांच्या तपासणीवर पडू नये. तो माझा आहे.

बायकांच्या दोन खोल्या होत्या, मध्ये व्हरांडा. एक कवायतीची खोली आणि एक बिनकवायतीची, अशी नावं आपोआप पडली. रिकाम्या डब्यातून चिठ्ठ्या काढल्या त्या दिवशी ज्यांना कवायत आली त्या बायकांचे चेहरे पडले. दारव्ह्याकडची एक बोलकी बाई कपाळावर हात मारून म्हणाली, "मास्तर, आमच्या नशिबी तुमी अन् हिच्या नशिबी पलंग. असं काय पुण्य केलतं जी हिनं?"

ती बोलत होती ते जिच्याविषयी मी हे लिहितो आहे तिच्याबद्दल. तिची चिठ्ठी बिनकवायतीची निघाली होती आणि ती खुशीत होती. "मले तं सुट्टी भेटली," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसली.

ती आर्णीकडच्या एका तांड्यातली बंजारा बाई. चाळिशीच्या आतली. कानांजवळच्या केसांत चांदीच्या घुगऱ्या लोंबत, मान हलली की वाजत. खोलीतल्या तरण्या पोरींवर ती आईसारखी ओरडे, म्हणून सगळ्या तिला याडी म्हणत. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. मीही तेच म्हणू लागलो.

तिला सुट्टी हवी होती ती शिवायला. तिच्या मुलीचं लग्न होळीनंतर ठरलं होतं. सोयऱ्यांना याडीचा आजार माहीत नव्हता. ती दूर भावाकडं आहे असं तिच्या नवऱ्यानं सांगून ठेवलं होतं. तिचा आजार लागट नव्हता, घरी जायला डॉक्टरांची हरकत नव्हती, पण लोकांनी हात बघितले असते तर लग्न मोडलं असतं. म्हणून ती लग्नाला जाणार नव्हती. मात्र त्यांच्यात मुलीची काचळी आईनं शिवायची असते. काचळी म्हणजे पाठ उघडी असलेली, आरसे आणि कवड्या जडवलेली, रंगीत दोऱ्यानं भरून काढलेली चोळी. नवरा ती घेऊन जाणार होता आणि आधीच शिवून ठेवली होती असं सांगणार होता. याडीनं मला हे एकदाच सांगितलं, काचळीचा आरसा बसवता बसवता. म्हणाली, "लगनात मी नसन, मास्तर. पण माहे हात असन तिच्या अंगावर."

दिवसभर ती व्हरांड्यात भिंतीला टेकून बसे. कापड गुडघ्यावर ताणून धरी. सुई आत घाली, दुसऱ्या बाजूनं ओढून घेई, आणि दोरा लांब काढताना तिची सगळी बोटं पंख्यासारखी उघडत. दोरा संपला की मलाच हाक मारी. बधिर बोटांनी सुई ओवणं तिला अवघड जाई. येता-जाता मी अनेकदा तिची सुई ओवून दिली आहे.

दर महिन्याला आम्ही हात मोजत असू. फळीवर हात उपडा ठेवायचा आणि बोटं किती वळली ते कोनमापकानं बघायचं. पावसाळा सरेपर्यंत फरक दिसू लागला. बिनकवायतीच्या खोलीतले हात आत वळत चालले होते, कवायतीच्या खोलीतले बहुतेक तिथंच थांबले होते. मला आनंद झाला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा घरी जाऊन मी बायकोला माझ्या कामाबद्दल काही सांगितलं.

पण याडीचे हात वळत नव्हते. वळत नव्हते एवढंच नाही, माझ्या खोलीतल्या पुष्कळ जणींपेक्षा तिची बोटं सरळ होती. फळीवर हात ठेवला की बोटांखालून कागदही जात नसे. डॉक्टर दोनदा तिच्या हाताकडं बघत राहिले. एकदा मला म्हणाले, "या बाईचं काय गूढ आहे कळत नाही. असे आणखी दोन-चार निघाले तर तुझी कवायत आणि आराम सारखेच म्हणावे लागतील."

तुझी कवायत, असं ते म्हणाले. थट्टेत म्हणाले असतील.

मला गूढ ठाऊक होतं. व्हरांड्यातून रोज जाणाऱ्या माणसाला ते ठाऊक नसेल कसं? ती बिनकवायतीच्या खोलीत बसून सकाळपासून संध्याकाळपर्यंत कवायतच करत होती. माझी कवायत घटकाभराची, तिची दिवसभराची. मी डॉक्टरांना एवढंच सांगायचं होतं की ही बाई शिवते. तोंड उघडून एक वाक्य. मी सांगितलं नाही. का, हे मी स्वतःला अनेक तऱ्हांनी समजावून बघितलं आहे. डॉक्टर म्हणतील, मग लोकांना शिवायला, विणायला लावा, कवायतीचा मास्तर कशाला ठेवायचा? शाळेतून मला जसं काढलं तसं इथूनही काढतील. सासरे म्हणतील, महारोग्यांनीही ठेवून घेतला नाही. हे सगळं माझ्या डोक्यात होतं. पण त्याच्याही खाली एक गोष्ट होती. मला हरायचं नव्हतं. एका सुईपुढं तर नाहीच.

दसऱ्याच्या आसपास असेल. ऊन चढलं होतं, ती व्हरांड्यात बसली होती. तिच्या बोटाच्या पेरावर रक्ताचा एक थेंब सुकलेला होता. सुई टोचली होती, तिला कळलं नव्हतं. असे थेंब मी पूर्वीही बघितले होते, पुसून पट्टी बांधली होती. त्या दिवशी मला तो थेंब हवा तसा मिळाला.

मी म्हटलं, "याडी, सुई द्या इकडं."

तिला वाटलं मी ओवून द्यायला मागतो आहे. तिनं हसून सुई-दोरा पुढं केला. मी म्हटलं, "ओवत नाही, ठेवून देतो. टोचलेलं तुमाले समजत नाही. जखम होईन, बोट सडन."

"आजवर तं नाई सडलं."

"सडल्यावर सांगून काय फायदा?"

तिनं ते पेर डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. रक्त बघून ती घाबरली असावी. मग कापडाची घडी केली, सुई त्यातच खोवली आणि माझ्या हातात दिली. म्हणाली, "तुमी माह्या भल्यासाठीच सांगून राह्यले. पण लगनाच्या आधी वापस द्याल ना, मास्तर?"

मी हो म्हटलं. कापड आणि सुई कपाटात ठेवून कुलूप लावलं.

त्यानंतर ती व्हरांड्यात नुसती बसू लागली. हात मांडीवर उताणे. काही दिवस ती बोटांनी ओढणीच्या काठाशी चाळा करत असे, मग तोही थांबला. सुईमुळं बोट सडतं हे तिनं इतकं मनावर घेतलं की ती इतर बायकांत बसून फुलंसुद्धा गुंफायला जाईना. पुढच्या महिन्यात फळीवर तिचा हात ठेवला तेव्हा करंगळीखाली कागद गेला. त्याच्या पुढच्या महिन्यात माझं स्वतःचं बोट आत गेलं. मी कोन वाचून सांगितला, डॉक्टरांनी मान हलवली. एकही आकडा मी खोटा सांगितला नाही. तिचा हात खरोखरच वळत होता. आणि ज्या क्षणी माझं बोट तिच्या बोटांखालून गेलं त्या क्षणी मला बरं वाटलं. हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. तिच्या नवऱ्याला नाही, डॉक्टरांना नाही, पुढं ज्या दिवशी मी सगळं कबूल केलं त्या दिवशीही नाही. इथंच पहिल्यांदा लिहितो.

होळीच्या थोडं आधी तिनं सुई मागितली. मी अजून थोडं थांबा म्हटलं. तिनं आपल्या हातांकडं बघितलं आणि पुन्हा मागितली नाही. तोवर तिला भाकरीचा तुकडाही चिमटीत धरता येत नव्हता. पाण्याचा पेला ती दोन्ही तळव्यांत दाबून उचले. नवरा भेटायला आला तेव्हा अर्धी राहिलेली काचळी तिनं माझ्याकडून मागवून त्याला दिली आणि त्याच्या बहिणीकडून पुरी करून घ्यायला सांगितलं. तो उभ्यानंच तिचे हात बघत होता. मला म्हणाला, "मास्तर, इथं आणली तवा तं बरी होती." मी त्याला आजाराविषयी काहीतरी समजावून सांगितलं. मला पुष्कळ माहिती होती.

लग्नाच्या दिवशी दुपारी मी कपाट लावत होतो तेव्हा तिचं गाणं ऐकू आलं. त्यांच्यात मुलगी सासरी निघताना गळा काढून एक गाणं म्हणते, ढावलो म्हणतात त्याला. गाणं आणि रडणं यांच्या मधलं काहीतरी. ते मुलीनं म्हणायचं असतं. तिकडं तांड्यात ती म्हणतच असेल. इकडं व्हरांड्यात तिची आई म्हणत होती. दारव्ह्याची ती बोलकी बाई तिच्याजवळ बसली होती. शब्द मला कळत नव्हते. मी कपाटाशी उभा राहिलो. सूर चढायचा आणि वर जाऊन तुटायचा, पुन्हा खालून सुरू व्हायचा.

तो सूर अजून गेलेला नाही. जिनिंगचा भोंगा वाजतो, एसटी घाट चढताना कण्हते, शेजारचं लेकरू रडत रडत झोपी जातं, आणि मधूनच तो तिथं असतो.

वर्ष संपलं. कवायत चांगली ठरली. डॉक्टरांनी नागपूरच्या एका सभेत ते वाचून दाखवलं आणि परत आल्यावर सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. माझी जागा कायम झाली. सासरे दिवाळीला आले आणि आमच्याकडं पाणी प्यायले. ठरल्याप्रमाणे बिनकवायतीच्या खोलीलाही कवायत सुरू झाली. याडी माझ्यासमोर रांगेत बसली. मी तिचा हात हातात घेतला, तेल लावलं, बोट सरळ करायला गेलो तर ते लाकडासारखं होतं. सांधा धरला होता. ती म्हणाली, "आता कायले, मास्तर?" पण मी सांगितलं तसं तिनं केलं. तिच्याइतक्या नेमानं कवायत कुणी केली नाही. जे बोट कधी उघडणार नव्हतं ते ती रोज सकाळ-संध्याकाळ उघडत बसे, आणि अधूनमधून बरोबर करते आहे ना म्हणून माझ्याकडं बघे. पुढच्या उन्हाळ्यात ती घरी गेली.

मी मात्र मोठा होत गेलो. महाराष्ट्र झाला, कुष्ठरोग हा शब्द आला, गावोगाव काम करणारी तरुण मुलं आमच्याकडं शिकायला येऊ लागली. त्यांना मी हातांची कवायत शिकवायचो. मुकुटबनपासून उमरखेडपर्यंत कुठंही गेलो तरी माझ्या हाताखाली शिकलेला एखादा मुलगा एखाद्या पडवीत बसून कुणाच्या तरी बोटांना तेल लावताना दिसे. त्या कवायतीनं पुष्कळांचे हात वाचले. ते खरं आहे आणि मला त्याचा उपयोग नाही. कुणी नमस्काराला हात जोडले की मी आधी करंगळी बघतो. बायको उन्हात बसून माझ्या सदऱ्याचं बटण लावू लागली की मी उठून आत जातो. तिला वाटतं मला शिवणाचा कंटाळा आहे.

साठनंतरही बरीच वर्षं गेली. एकदा शिकायला आलेल्या एका मुलानं वर्गात विचारलं, सर, ज्यांना कवायत दिली नव्हती ते लोक वर्षभर हातानं काहीच करत नव्हते का? कुणी दळत असेल, कुणी विणत असेल, ते कसं धरलं? प्रश्न चांगला होता. पुढच्या रविवारी मी नागपूरला गेलो.

डॉक्टर निवृत्त होऊन मुलाकडं राहत होते. मी त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं. ते ओरडतील असं मला वाटलं होतं, तशी माझी इच्छाही असावी. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "तू मला त्याच दिवशी सांगितलं असतंस तर मी तिला मोजणीतून बाजूला काढलं असतं. तिच्या एकटीमुळं काही बदललं नसतं. बाकीच्यांनी तेच दाखवलं असतं. आणि ती शिवत राहिली असती."

एवढंच. मला वाटत होतं की मी काहीतरी मिळवण्यासाठी तिचे हात दिले. कशासाठीच दिले नव्हते. माझी कवायत तिच्या सुईसकट जिंकणारच होती.

थोड्या वेळानं ते म्हणाले की चूक त्यांचीही आहे, तिची बोटं वळेनात तेव्हा त्यांनी स्वतः व्हरांड्यात जाऊन बघायला हवं होतं. मी माफी मागायला लागलो तेव्हा त्यांनी हातानं थांबवलं. म्हणाले, "ती माझ्याकडं मागू नकोस. देणारा मी नाही."

त्यानंतरही मी लगेच गेलो नाही, हे सांगितलं पाहिजे. ती आता नसेल, असं मनाशी म्हणत होतो. ती नसावी असंही कधीकधी वाटे.

शेवटी दिवाळीच्या सुटीत आर्णीला उतरलो. तांडा गावापासून आडवाटेला होता. स्टँडजवळच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानातल्या मियाभाईंकडून भाड्यानं सायकल घेतली आणि वाट विचारली. दवाखान्यातून आलो म्हटलं आणि कुणाकडं जायचं ते सांगताना मी अडखळलो, तर ते स्वतःच म्हणाले, "वो टेढ़े हाथवाली माँ के घर? नदी के पार, नीम के पास." वाटेत दोन्हीकडं पहिल्या वेचणीचा कापूस फुटला होता. बायका कमरेला कापडाच्या ओट्या बांधून वेचत होत्या, आणि मी त्यांचे हात बघत जात होतो.

ती दारात बाजेवर बसली होती. केस पांढरे झाले होते, घुगऱ्या त्याच होत्या. मला बघून तिनं आधी डोळे बारीक केले आणि मग हसली. "कवायतवाले मास्तर," ती म्हणाली. आत कुणाला तरी हाक मारून चहा सांगितला. चहा घेऊन आली ती तिची मुलगी. दिवाळीला माहेरी आली होती, कडेवर लेकरू. याडीनं पेला दोन्ही मनगटांमध्ये धरला आणि मी आधी चहा प्यावा म्हणून थांबली.

मी चहा खाली ठेवला आणि सांगून टाकलं. सुई कशासाठी घेतली ते. सांगताना मी तिच्याकडं बघितलं नाही. तिनं विचारलं, "डॉक्टरले मालूम होतं?"

"नाही. फक्त मले."

"मंग सुईनं नाई गेले माहे बोटं?"

"नाही, याडी. सुई होती म्हणून तं राह्यले होते."

तिनं पेला बाजेवर ठेवला. म्हणाली, "मी इतके वरसं समजत होती का म्याच केलं. हावरी होऊन शिवत बसली, टोचत राह्यलं, मले समजलं नाई, अन् बोटं गेले. तुमी सांगतलं होतं ना." मग मुलीकडं बघून हळू आवाजात म्हणाली, "हिले मी कधी सुई धरू देली नाई. तांड्यातल्या साऱ्या पोरी शिवते, हिले येत नाई. सासरी हिले हासते."

हे मला ठाऊक नव्हतं. माझं खोटं त्या व्हरांड्यातच संपलं असं मी धरून चाललो होतो. ते इथं येऊन राहिलं होतं, या घरात, माझ्याइतकीच वर्षं यांनी ते सांभाळलं होतं आणि पुढच्या पिढीला दिलं होतं.

मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं लेकरू एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. म्हणाली, "आर्णी का लंडनले हाय, मास्तर? इतके वरसं लागले तुमाले पाय उचलाले?"

याडी तिच्यावर ओरडली नाही. मी हात जोडून बाजेजवळ खाली बसायला लागलो तसं तिनं वाकड्या हातानं मला अडवलं. म्हणाली, "माह्या पाया पडून काय करता? मी म्हातारी झाली. हिले सांगा. माह्यावर भरोसा ठेवून हिनं सुई धरली नाई. तुमच्या तोंडानं हिले सांगा, मंग हे पोरगी मानन."

मी उभा राहिलो. ती मुलगी माझ्या मुलीच्या वयाची होती. मी तिला म्हटलं, "बाई, तुमच्या लगनातली काचळी पुरी तुमच्या याडीच्या हातची नव्हती, ते माह्यामुळं. त्याईचे हात चांगले होते. शिवून शिवूनच चांगले राह्यले होते, अन् मले ते रोज दिसत होतं. माह्या कवायतीचं नाव खाली जाईन म्हणून म्या सुई घेतली अन् त्याईले, तुमच्या भल्यासाठी घेतो, असं खोटं सांगतलं. त्याईनं काही चूक केली नाही. शिवण्यानं कोनाचे हात जात नाही. तुमी शिका, लेकीले शिकवा. याडीचे हात गेले, तुमचं शिकणं गेलं, ते दोन्ही म्या नेलं. तुमी दोघी मले माफ करा. नाही केलं तरी चालन, पण याडीले दोष देऊ नका. दोष माहा हाय."